वाकड्या दांड्याची खोबण

मी तीन नंबरची गाडी बोलते आहे. मला नाव असं कधी मिळालं नाही. जर्मनीतल्या नेकर नदीकाठच्या आमच्या कारखान्यातून माझ्यामागून तेवीस हजार बहिणी बाहेर पडल्या. त्यांना नाव मिळालं, जाहिराती मिळाल्या, मासिकांतून पानभर फोटो मिळाले. मी त्यांच्या आधीची, नमुना म्हणून हातानं ठोकून बनवलेल्या चौघींतली तिसरी. काम आटोपल्यावर बाकीच्या तिघी दाबयंत्राखाली गेल्या आणि त्यांचे ट्रंकेएवढे गठ्ठे झाले. मी राहिले. का राहिले, ते मला गेल्या बुधवारपर्यंत ठाऊक नव्हतं.

ठाऊक झालं आणि राहवेना, म्हणून बोलते आहे. एरवी आमच्या श्वाबेन मुलखात बोलण्याची फारशी पद्धत नाही. इथं माणसं काम करतात, काम झालं की झाडतात, आणि झाडून झालं की शेजाऱ्यानं नीट झाडलं आहे का ते बघतात. एखाद्याचं फारच कौतुक वाटलं तर त्याच्याबद्दल तक्रार करत नाहीत. त्यानं एवढ्यावर समजून घ्यायचं.

माझा पहिला जन्म मातीत झाला, १९६६ साली. तोवर आमचा कारखाना दुधाच्या गाड्या आणि विहिरीचे पंप बनवत होता. मुख्य इंजिनियर डॉक्टर नोनेनमाखर हे उंच, पाठीत वाकलेले, बारा महिने करड्या कोटात वावरणारे गृहस्थ. त्यांनी एक दिवस संचालकांना सांगितलं, की आपण दोघांपुरती, लहान, हलकी आणि चपळ अशी गाडी बनवावी.

"दोघांपुरतीच का?" संचालकांनी विचारलं.

"तिसरा बसला की तो कशी चालवायची ते सांगायला लागतो," डॉक्टर म्हणाले.

संचालकांनी एकमेकांकडं पाहिलं. त्या खोलीत प्रत्येक जण कुणाच्या तरी गाडीतला तिसरा होता. मंजुरी मिळाली.

मग इंजिन कुठं ठेवायचं यावर आठ महिने गेले. पुढं ठेवलं तर नाक जड, मागं ठेवलं तर शेपूट जड. डॉक्टरांनी ते मधोमध, दोन खुर्च्यांच्या पाठीशी ठेवलं. बसकं, पसरट, दोन्ही बाजूंना दोन-दोन सिलिंडर आडवे झोपलेले. वजन पोटात असल्यामुळं मी वळणावर भोवऱ्यासारखी वळते. यात एकच अडचण होती, बसणाऱ्याची मान शेकून निघायची. हिवाळ्यात या रचनेवर सगळे खूश असत. उन्हाळ्यात डॉक्टर रुमालानं मान पुसत आणि म्हणत, "आपल्याकडं उन्हाळा असतोच किती?"

गाडीचा आकार आधी पुऱ्या मापात मातीत घडवतात. ते मातीकाम हेडविग त्सायझरकडं होतं. वय तेहेतीस, मातीच्या खोलीतली एकटी बाई. हुद्दा 'मदतनीस'. ज्या चौघांची ती मदतनीस होती ते चौघे हात मागं बांधून ती काय करते ते बघत असत. गरम माती थापायची, पातीनं खरवडायची, मग डोळे मिटून तळहात फिरवायचा, असं तिचं चाले. हाताला काही टोचलं की पुन्हा पाती. डॉक्टरांचं म्हणणं होतं, की आपली गाडी कुठं संपते हे चालवणाऱ्याला बसल्या जागी दिसलं पाहिजे. म्हणून तिनं पुढच्या दोन्ही चाकांवरचा फुगवटा बोटभर उचलला. आज लोक त्या फुगवट्याला काय काय म्हणतात. पण ती सोय दूधवाल्याच्या गाडीवरून आलेली आहे.

वारा माझ्यावरून कसा वाहतो हे बघायला माझ्या मातीच्या अंगावर लोकरीचे धागे चिकटवून मला मोठ्या पंख्यासमोर उभं केलं होतं. लोकर लाल होती. हेडविगनं आपला अर्धा विणलेला स्वेटर उसवला होता. तो पुढं कधीच पुरा झाला नाही, आणि तो कुणासाठी विणायला घेतला होता हेही तिनं कधी सांगितलं नाही.

मातीनंतर पत्रा. पत्र्याचा कारागीर गॉटहिल्फ डिटरले, बुटका, मनगटं ओंडक्यासारखी. तो लाकडी साच्यावर पत्रा ठेवून लहान हातोडीनं असा ठोकायचा, की जणू दार वाजवून आत येऊ का विचारतो आहे. मातीवरची मापं पत्र्यावर घ्यायला त्याला हेडविगच्या खोलीत यावं लागे. डावा फुगवटा मोजायला तो सात वेळा आला. सातव्या वेळी तिनं 'हेर', म्हणजे श्रीयुत, लावून विचारलं, "वाढलाय का, हेर डिटरले?"

"नाही. पण खात्री केलेली बरी."

"उद्याही करा. सकाळी दहाला मी न्याहारीला ब्रेत्सेल आणते. दोन आणीन."

आमच्याकडं याला प्रेमप्रकरण म्हणतात. लग्न व्हायला आणखी चार वर्षं लागली आणि तोवर ती दोघं एकमेकांना 'तुम्ही'च म्हणत होती.

मी तयार झाले, मोहरीच्या रंगाची, वरचं छप्पर उचलून काढता येणारी. मग गुप्त चाचण्या सुरू झाल्या. गाडीत कोण बसणार याची यादी ठरलेली होती. डॉक्टर होते, मेकॅनिक होते, आणि पत्रा कुठं तडकला तर म्हणून डिटरले होता. हेडविग नव्हती.

"मी केलेली गाडी मी रस्त्यावर बघायची नाही?" तिनं विचारलं.

"मातीच्या खोलीतली माणसं यादीत नाहीत," डॉक्टर म्हणाले. यादी त्यांनी केली नव्हती. पण यादी झाल्यावर ती कुणी केली हे आमच्याकडं कुणी विचारत नाही.

चाचण्यांत माझा एक दोष सापडला. नव्वदचा वेग आला की माझं नाक गुणगुणायला लागे. इंजिन मधे असल्यानं नाकात सामानाची पेटी होती. तिचा सपाट, रुंद तळ ढोलासारखा थरथरायचा. त्यात नमदा घातला, डांबरी कागद चिकटवला, एकदा तर वाळूची पिशवी ठेवली. वाळूनं आवाज थांबला, पण गिऱ्हाइकाला गाडीबरोबर वाळू कशी द्यायची? तीन महिने ते गुणगुणणं कुणालाच आवरेना.

आता त्या शनिवारबद्दल सांगते. १९६७ चा नोव्हेंबर. डॉक्टर आणि डिटरले मला घेऊन डोंगरावर चाचणीला गेले होते. परतताना वाटेत एक गाव लागलं. भुरभुर पाऊस होता. डिटरले बराच वेळ घड्याळाकडं बघत होता.

"हेर डॉक्टर, पाच मिनिटं थांबता का? दुकान दोनला बंद होतं."

"काय घ्यायचंय?"

"झाडू."

डॉक्टरांनी लगेच गाडी कडेला घेतली. डिटरले राहायचा त्या इमारतीत जिना, अंगण आणि बाहेरचा रस्ता झाडायची पाळी आठवड्याआठवड्यानं फिरे. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटके. शनिवारी संध्याकाळच्या आत झाडून पाटी पुढच्या दाराला गेलीच पाहिजे. गेली नाही तर खालच्या मजल्यावरच्या फ्राउ क्नोडलर, म्हणजे क्नोडलरबाई, कठड्यावर बोट फिरवून ते बोट सगळ्या इमारतीला दाखवत. डिटरलेच्या झाडूचा दांडा आदल्या रात्री मोडला होता आणि पाटी त्याच्या दाराला होती.

तो लांब दांड्याचा नवा झाडू घेऊन आला. डॉक्टरांनी दांड्यावरून नजर फिरवली. "वाकडा आहे."

"म्हणून स्वस्तात दिला. झाडायला सरळच लागतो असं नाही."

पण तो माझ्या नाकात मावेना. पेटी आडवी एक मीटर छत्तीस, झाडू एक मीटर चाळीस.

"त्याचं ब्रशाचं डोकं काढा," डॉक्टर म्हणाले.

"खिळे मारलेत. दुकानदार मन लावून मारतो."

"छप्पर काढून उभा धरा."

"पाऊस आहे. आणि चाचणी गुप्त आहे. झाडू उंच धरून गावातून गेलो तर लोक मागं लागतील."

"मग एकतर झाडू येईल, नाहीतर तुम्ही."

डिटरलेनं थोडा विचार केला. बिनझाडूचा घरी जाण्यापेक्षा इथंच राहिलेलं बरं, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग तो म्हणाला, "चार सेंटिमीटरचाच प्रश्न आहे. सोमवारी सकाळी सातला परत सपाट करतो."

डॉक्टरांनी छत्री उघडली आणि माझ्या नाकावर धरून उभे राहिले. डिटरलेनं हातोडी काढली. पेटीच्या तळात दांड्याच्या मापाची आडवी खोबण ठोकली, उजव्या भिंतीत चार सेंटिमीटर खोल वाटी केली. दांडा जिथं वाकडा होता तिथं खोबणही वाकडी नेली, कारण झाडू बसवायचा तर नीट बसवायचा. वीस मिनिटांत काम झालं. झाडू त्यात बसला तेव्हा खट् असा आवाज आला. मला तो आवाज आवडला.

घरी येताना रस्ता सरळ लागला आणि डॉक्टरांनी नव्वदपर्यंत नेलं. मी गुणगुणले नाही. मला वाटलं, झाडूच्या वजनानं असेल. डिटरलेचं लक्ष घड्याळाकडं होतं. डॉक्टरांनी मात्र मान किंचित कलती केली, वेग पंच्याण्णव केला, शंभर केला, पुन्हा नव्वदवर आणला. बोलले काहीच नाहीत. डिटरले साडेचारला घरी पोचला. फ्राउ क्नोडलर दारातच होत्या.

सोमवारी तो सातला पाच कमी असताना हातोडी घेऊन हजर झाला. पण आमच्याकडचे ड्राफ्ट्समन सातची वेळ असली की सहाला येतात. त्यांनी मला ओट्यावर घेतलं होतं आणि कारखान्यातल्या साच्यांसाठी माझं तसूतसू मोजून कागदावर उतरवलं होतं. खोबणीची रुंदी अठ्ठावीस मिलिमीटर. उजव्या टोकापासून चाळीस सेंटिमीटरवर सहा मिलिमीटरचा बाक. ही खोबण कशाला, असं त्यांनी कुणालाही तोंडानं विचारलं नाही. मोजमाप हे त्यांचं काम होतं.

डिटरले हातोडी धरून तसाच उभा राहिला. नमुना मोजून झाला की त्याला कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. त्यानं हातोडी खिशात घातली. डॉक्टर सही करताना खोबण काढून टाकतील, अशी त्याला आशा होती. पण कागद तीनशे होते. सगळ्यांवर सह्या झाल्या आणि खोबण साच्यात गेली.

वर्षभरानं पहिली गाडी कारखान्यातून बाहेर आली तेव्हा डिटरलेनं तिचं नाक उघडून पाहिलं. खोबण तिथं होती. गुळगुळीत, चकचकीत, सहा मिलिमीटरच्या बाकासकट. मग दुसरीत, मग शंभरावीत, असं होत होत तेवीस हजार गाड्या एका वाकड्या झाडूचं माप पोटात घेऊन जगभर गेल्या. मासिकवाल्यांनी त्यावर लेख लिहिले. एकानं लिहिलं, की त्या बाकात हवेच्या दाबाचा सखोल अभ्यास आहे. दुसऱ्यानं त्याचा आलेख काढला. प्रत्येक लेख वाचताना डिटरलेचे कान लाल होत. एका कारागिराच्या हातून तेवीस हजार वेळा चूक झालेली अजून कुणी ऐकलेली नसेल. त्यानं हे कुणालाही सांगितलं नाही. हेडविगलाही नाही. डॉक्टरांनी तर विषयच काढला नाही, म्हणजे ते मनातून फार रागावले असणार, असं त्यानं धरलं.

१९७० साली नमुने चेपायचा हुकूम निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, तीन नंबर माझ्या घरी जाईल. चार नंबर माझ्याहून सुबक होती, तरी त्यांनी मला मागितलं. तोवर कचेरीतल्या कारकुनानं 'चार नमुने नष्ट' अशी यादी टाइप करून ठेवली होती. टाइप केलेलं खोडण्यापेक्षा मला नाहीशी मानणं सोपं होतं. त्या दिवसापासून मी कागदावर नाही.

डॉक्टरांच्या शेडमध्ये मी सव्वीस वर्षं कांबळ्याखाली काढली. सुरुवातीला ते रविवारी येऊन माझं इंजिन सुरू करत, नाक उघडून बघत आणि बंद करत. मग गुडघे धरले, मग नुसते दारात उभे राहत. उंदरांनी उजव्या खुर्चीत तीन पिढ्या वाढवल्या. चांगलं कुटुंब होतं, आवाज करत नसे.

१९९६ साली, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी डिटरलेला बोलावलं. "घेऊन जा," ते म्हणाले. "पुढची पेटी सांभाळा."

एवढंच. डिटरलेला तो टोमणा वाटला. तीन वर्षांनी डॉक्टर गेले. खुलासा विचारायला आता कुणी उरलं नाही.

डिटरलेच्या इमारतीच्या अंगणात गाळा होता, त्यात मी आले. सात वर्षं त्यानं माझ्यावर काम केलं. ब्रेक, नळ्या, तारा, खुर्च्या, सगळं केलं. पेटीला मात्र हात लावला नाही. हेडविग स्टूल घेऊन शेजारी बसायची आणि तळहात फिरवून सांगायची, "इथं अजून टोचतंय." तेवीस हजारांतली एखादी विकत घेण्याची त्यांची ऐपत होती. पण ती म्हणायची, "त्या साच्यातल्या. मी हात फिरवला ती ही. बसेन तर हिच्यातच."

"तुझ्या सत्तराव्या वाढदिवसाला," डिटरलेनं कबूल केलं होतं. "छप्पर काढून, द्राक्षमळ्यांवरच्या टेकडीपर्यंत."

सत्तरावा वाढदिवस या शनिवारी होता, चौदा जूनला. आणि त्याआधी मला रस्त्याचा परवाना हवा होता. जुन्या गाड्यांची नंबरपाटी गाडी अस्सल असेल तरच मिळते, म्हणून बुधवारी तपासनीस आला.

हेर केखेले, वय तिशीतलं, हातात बॅटरी, काखेत कागद, स्वभावानं सभ्य. तो माझ्याखाली शिरला, माझ्यात शिरला, आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "हेर डिटरले, काम फार सुरेख आहे. हाच तर प्रश्न आहे."

"म्हणजे?"

"कारखान्याच्या यादीप्रमाणं चारही नमुने नष्ट झाले. मग ही कोण? दोन-तीन मोडक्या गाड्या जोडून कुणी हुशार माणसानं नमुना म्हणून ही उभी केली, असं मी म्हटलं तर?"

"हुशार कशाला? मीच केलीय, सदुसष्ट साली."

"ते कागदावर हवं." केखेलेनं एक जुन्या ड्रॉइंगची प्रत पसरली. "हे बघा. ही खोबण. कारखान्याच्या गाड्यांत साच्यातून आलेली असते, तुमच्यात हातानं ठोकलेली आहे. आता ही गाडी बघून ड्रॉइंग काढलं, की ड्रॉइंग बघून कुणी नंतर ही ठोकली? तेवढं कळलं तर मी सही करतो. हा सहा मिलिमीटरचा बाक कशासाठी आहे, हे कारखान्याच्या संग्रहात कुणालाच माहीत नाही. ज्यानं मूळ खोबण केली त्याला माहीत असणार."

डिटरलेचे कान लाल व्हायला लागले होते. हेडविग दारात उभी होती, एप्रनला पीठ लागलेलं. तिनं माझ्या डाव्या फुगवट्यावर हात ठेवला.

"नाही सांगता आलं तर मला 'अस्सल नाही' असं लिहावं लागेल," केखेले हळूच म्हणाला. "मग पाटी नाही. रस्त्यावर काढता येणार नाही."

डिटरलेनं त्या हाताकडं पाहिलं. मग म्हणाला, "थांबा," आणि जिन्याकडं गेला.

योगायोगानं त्या आठवड्याची झाडायची पाटी त्यांच्याच दाराला होती. तो झाडू खांद्यावर टाकून अंगणात आला, तशी खालच्या मजल्याची खिडकी उघडली. फ्राउ क्नोडलर आता शहाऐंशीच्या.

"डिटरले, आज बुधवार. झाडायचं शनिवारी."

"झाडत नाही, फ्राउ क्नोडलर. कबुली देतोय."

"मग जोरात द्या. मला कमी ऐकू येतं."

आणि त्यानं दिली. पाऊस, दोनला बंद होणारं दुकान, स्वस्तातला वाकडा दांडा, डॉक्टरांची छत्री, सोमवारची सकाळ, सगळं, जमिनीकडं बघत. "चूक माझी. सपाट करणार होतो. उशीर झाला."

त्यानं माझं नाक उघडलं आणि झाडू आत ठेवला. झाडूचं डोकं या वर्षांत सहादा बदललं होतं, दांडा तोच. खट्. बाकात बाक बसला. मधे कागदही सरकला नसता.

केखेलेनं बॅटरीचा उजेड टाकून बघितलं. डावीकडून, उजवीकडून. दांडा काढला, उलटा घातला, बसेना. सुलटा घातला, बसला. त्याचा चेहरा शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा झाला.

"साडेचार," खिडकीतून आवाज आला. "त्या शनिवारी हा साडेचारला आला. पाऊस थांबलावता. असले लाल कान मी पुन्हा पाहिले नाहीत, आजपर्यंत. लिहून घ्या, तपासनीस."

"पस्तीस वर्षं," हेडविग म्हणाली. "त्यातली बत्तीस मी त्याच झाडूनं झाडतेय. आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"लाज वाटायची."

"आणि ते हवेच्या दाबाचे लेख तू गुपचूप वाचत होतास?"

"सगळे," डिटरले म्हणाला. हेडविगला हसू आवरेना. ती माझ्यावर ओणवून हसली, तिच्या एप्रनचं पीठ माझ्या नाकावर सांडलं.

केखेले मात्र कागदात पुन्हा डोकं घालून बसला होता. "आणखी एक. या खोबणीपाशी समासात पेन्सिलीनं काहीतरी आहे. जुन्या वळणाचं अक्षर आहे, आमच्यात कुणाला वाचता येत नाही."

"आणा इकडं," हेडविग म्हणाली. तिच्या शाळेच्या पहिल्या दोन वर्षांत तेच अक्षर शिकवत. तिनं कागद उजेडात धरला. आधी मनात वाचलं. मग हसणं थांबलं.

"वाच की," डिटरले म्हणाला.

"ड्राफ्ट्समननं लिहिलंय, 'खोबणीचं प्रयोजन काय?' खाली डॉक्टरांचं अक्षर आहे." तिनं सावकाश वाचलं. "'नव्वदचं गुणगुणणं गेलं. डिटरलेची खोबण आहे. वाकडी आहे तशी राहू द्या. तीन नंबर जपून ठेवा. नोनेनमाखर.'"

सपाट पत्र्याला एक घडी पडली की तो थरथरत नाही, हे डिटरलेनं चाळीस वर्षं शिकाऊ मुलांना शिकवलं होतं. स्वतःच्या खोबणीबाबत त्याला ते कधी सुचलं नव्हतं. त्यानं रुमाल काढला आणि बराच वेळ नाक शिंकरलं.

"मला वाटलं, ते रागावलेत," तो म्हणाला.

"आणि त्यांना वाटलं, तुला कळलं असेल," हेडविग म्हणाली. "तुम्ही दोघं एकाच गावात तीस वर्षं राहत होतात, गॉटहिल्फ."

"विषय निघाला नाही."

केखेलेनं फॉर्म भरला. शेवटच्या रकान्याशी थांबून त्यानं विचारलं, "झाडू मूळ सामानात धरू ना? खोबण त्याच्यासाठी आहे, तेव्हा धरलाच पाहिजे." आणि त्यानं शिक्का मारला. मी छत्तीसाव्या वर्षी कागदावर आले. सोबत, मूळ जोडसामान, झाडू एक.

शनिवारी दुपारी छप्पर निघालं. हेडविगनं निळा रुमाल बांधला. डिटरलेनं कोट घातला. आम्ही निघणार एवढ्यात खिडकी उघडली.

"झाडू कुठं चाललाय? पाटी तुमच्या दाराला आहे."

"शिक्क्याप्रमाणं तो गाडीतच असावा लागतो, फ्राउ क्नोडलर. नाहीतर गाडी अस्सल राहत नाही."

"आणि अंगण?"

"आल्यावर."

द्राक्षमळ्यांतून रस्ता नागमोडी वर जातो. पहिल्या वळणाला हेडविगनं दाराची कड पकडली. दुसऱ्या वळणाला सोडली. तिसऱ्या वळणाला तिनं हात बाहेर काढून चालत्या वाऱ्यात माझ्या उजव्या खांद्यावर तळहात फिरवला, डोळे मिटून.

"टोचतंय का?" डिटरलेनं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "मान शेकतेय तेवढी."

"आपल्याकडं उन्हाळा असतोच किती," तो म्हणाला.

टेकडीमागच्या सरळ रस्त्यावर त्यानं मला नव्वदवर नेलं आणि दोघं कान देऊन ऐकत राहिली. मी गुणगुणले नाही. फार इच्छा झाली होती, पण नाही.

परत यायला साडेचार झाले. फ्राउ क्नोडलर दारात उभ्या होत्या, हातावर घड्याळ, पण तक्रार केली नाही. एवढ्यावर आम्ही समजून घेतलं. मग वाढदिवसाच्या कपड्यांतच दोघांनी अंगण झाडलं, तिनं झाडूनं आणि त्यानं सुपलीनं. पाटी शेजारच्या दाराला गेली. झाडू माझ्या नाकात परत आला. आता त्याची जागा तीच.

माझी एकच विनंती आहे, ती माझ्या बहिणींच्या मालकांना. तुमच्यातले काही अजून कुठंकुठं असाल. तुमच्या गाडीच्या पुढच्या पेटीत, तळाला, एक आडवी खोबण आहे. तिच्यात छत्री ठेवू नका, काठी ठेवू नका, हवेच्या दाबाचं काही सांगू नका. मधून मधून नीट झाडून ठेवा, म्हणजे झालं.